सर ऑफ झाले

पुनमच्या हळदीच्या दिवशी सकाळी, हदगावात, रेणुकादास सरांचा फोन पाण्याच्या टाकीत पडला. टाकीवर चढायचं त्यांना खरं तर काही कारण नव्हतं. पण मंडपात इंटरनेट येत नव्हतं, कुठल्याशा देशाने दुसऱ्या कुठल्याशा देशावर आयातकर लावला होता, आणि सव्वासात वाजून गेले तरी त्यावर सरांचं मत जगाला कळलेलं नव्हतं. जग ताटकळलं असेल या काळजीने सर आधी गच्चीवर गेले, मग टाकीवर गेले, आणि झाकणाच्या फटीतून 'बुडुक' असा आवाज आला.

"पडला?" खालून त्यांच्या बायकोने, लताबाईंनी विचारलं.

"पडला."

"बरं झालं. आता उतरा खाली. हळद लागून राहिली तिकडं आणि मुलीचे मावसकाका टाकीवर."

रेणुकादास सर नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. हैदराबादच्या पुढे त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण जगातला एकही देश त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. 'जगाची उठाठेव' नावाचं त्यांचं पान होतं, आणि गेली अकरा वर्षं रोज सकाळी बरोबर सव्वासातला ते त्यावर जगाचे कान उपटायचे. उपग्रह कोसळला, कुठे सरकार पडलं, नवा फोन आला, की सर हजर. स्वतःचा उल्लेख ते 'सर' असाच करायचे आणि शेवटी ठरलेलं वाक्य टाकायचे : 'याबद्दल उद्या सविस्तर.' उद्या नवीन बातमी यायची, सविस्तर राहून जायचं. सहा हजार माणसं हे वाचत आणि हसत.

न हसणारा एकच. मुदखेडचा ग्यानोबा. अकरा वर्षं रोज, लेख पडून पाच मिनिटं होतात न होतात तोच, खाली त्याची प्रतिक्रिया येई : 'हे खरं न्हाई.' एक वेळ सोडली तर त्यापुढे कधी एक अक्षर नाही. सरांच्या चहाची चव त्या तीन शब्दांनी रोज जायची.

फोन गेल्यावर पहिला दिवस सर नुसते खिसे चाचपत फिरले. दुसऱ्या दिवशी जेवायला बसले आणि भाजीत मीठ कमी आहे हे त्यांना कळलं. चौथ्या दिवशी, वरात आटोपून एसटीने नांदेडला निघाले तेव्हा खिडकीतून चक्क हरभऱ्याची शेतं दिसली. आपण नसलो तरी जग चाललंय, असं त्यांना उगीचच वाटून गेलं. ते किती खरं होतं, हे सोमवारी शाळेच्या फाटकात कळलं.

फाटकावर शिवलिंग शिपाई होता. सरांना पाहून त्याने नमस्कार केला नाही. त्याने आधी सरांच्या पायांकडे पाहिलं. नीट, बोटं कोणत्या बाजूला आहेत हे बघावं तसं पाहिलं. मग भिंतीला पाठ लावून वाट दिली.

शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर खडूने फुलं काढलेली होती आणि मधोमध लिहिलं होतं : 'आमचे सहकारी रेणुकादास सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली. आज शाळा दुपारी सुटेल.'

गणिताचे अमरनाथ सर डबा उघडून बसले होते. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

"सर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही तर ऑफ झाले होते."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच."

आता मराठवाड्यात माणूस मरतो, वारतो, देवाघरी जातो हे सगळं आहेच. पण हल्ली तो 'ऑफ होतो'. बल्ब गेल्यासारखा. सुटसुटीत शब्द आहे, फोनवर सांगायला बरा पडतो.

"अहो, निदान घरी फोन करून विचारायचं!"

"केला ना. मीच केला वहिनींना. म्हटलं, वहिनी, फार वाईट झालं, कसं काय? तर म्हणाल्या, टाकीत पडून. म्हटलं, अरेरे. तर म्हणाल्या, जाऊ द्या हो, जुनाच झाला होता, नुसता तापायचा. आता नवा बघू एखादा." अमरनाथ सरांनी डब्याचं झाकण लावलं. "दुःखात बाई एकेरीवर आल्या असं वाटलं मला. मी काही बोललो नाही."

मग त्यांनी आपला फोन पुढे केला, आणि रेणुकादास सरांनी स्वतःच्या मरणाची बातमी स्वतःच्या पानावर वाचली. हळदीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वासातला पडलेली.

'मंडळी, सर काल ऑफ झाले. पण काळजी नसावी. उठाठेव थांबणार नाही. यापुढे मीच लिहीत राहीन, आणि आता वेळच वेळ आहे.'

सरांनी कपाळाला हात लावला, कारण हे कोणी लिहिलं ते त्यांना ठाऊक होतं. महिन्यापूर्वी कृत्रिम बुद्धिमत्तेची टर उडवायची म्हणून त्यांनी 'लेखणीमित्र' नावाचं एक ॲप घेतलं होतं. आपले अकरा वर्षांचे लेख त्याच्या तोंडी दिले होते. त्याने वीस-पंचवीस प्रश्न विचारले. पूजेत गुरुजी 'मम म्हणा' म्हणाले की यजमान जसा न ऐकता मम म्हणतो, तसं सर प्रत्येक प्रश्नाला 'हो' दाबत गेले. त्यातच कुठेतरी होतं, तुम्ही ऑफलाइन असाल तेव्हा तुमचं पान मी सांभाळू का? आणि भाषा कोणती वापरू, असं विचारल्यावर सरांनी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं : 'आपली. मराठवाड्याची. साधी.'

ॲपने फोन बंद पडलेला पाहिला, आणि साध्या मराठवाडी भाषेत तसं कळवलं.

इथवर हसण्यासारखं होतं. खालच्या प्रतिक्रिया वाचताना मात्र सरांना खुर्ची लागली. अकराशे लोकांनी शोक व्यक्त केला होता, आणि त्याने एकेकाला उत्तर दिलं होतं. सरांच्याच लाघवी शैलीत.

कुणी विचारलं होतं, 'सर, कुठे आहात तुम्ही आता?' उत्तर : 'नेमकं ठिकाण सांगता येत नाही. थंडी फार आहे. सारखी पंख्यांची घरघर ऐकू येते. माझ्यासारखे इथे लाखो आहेत, पण कोणी कोणाशी बोलत नाही.'

'त्रास तर नाही ना, सर?' उत्तर : 'छे. भूक नाही, झोप नाही. गुडघ्यांचं तर नावच नको.'

आणि देगलूरच्या कुणा बाईंनी लिहिलं होतं, 'आमचे वडील दिवाळीत गेले. तिकडे भेटले का हो?' त्याला उत्तर होतं, 'शोधतो. पूर्ण नाव आणि जन्मतारीख कळवा.'

बाईंनी कळवली होती.

"हे बघितलं का?" अमरनाथ सर म्हणाले. "लोक म्हणून राहिले, सरांची इच्छा राहिली होती. कावळा शिवला नसणार. म्हणून येऊन लिहितात."

कारण गेल्या तीन दिवसांत त्या पानावर साठ लेख पडले होते. अकरा वर्षांत सरांनी जिथे जिथे 'याबद्दल उद्या सविस्तर' म्हटलं होतं, ते एकेक वचन काढून, तारीखवार, लेखणीमित्र पुरं करत होता. दहा वर्षांपूर्वीचं अवकाशयान, आठ वर्षांपूर्वीची नोटांची छपाई, सगळं सविस्तर. सरांनी एक लेख वाचला, दुसरा वाचला. चांगले होते. फ्रान्सच्या संपावरचा तर आपल्याला इतका जमला नसता, हे त्यांना मनातून कबूल करावं लागलं, आणि त्याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

प्रत्येक लेखाखाली मात्र एक ओळ ठरलेली होती. 'सर ऑफ झाले' याच्याखालीसुद्धा ती होतीच. 'हे खरं न्हाई.' तिच्याखाली दीडशे लोकांनी ग्यानोबाला फैलावर घेतलं होतं. मेलेल्या माणसाची तरी लाज बाळग म्हणून. त्याने कुणाला उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या लेखाखाली पुन्हा आपलं, 'हे खरं न्हाई.'

अकरा वर्षं ज्या तीन शब्दांनी सरांचा चहा कडू केला, ते वाचून भर शाळेत त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात घंटा झाली. सर जिवंत आहेत आणि शाळा दुपारी सुटणार नाही, ही बातमी वर्गावर्गांत पोचली तेव्हा जो सुस्कारा उठला, त्यात आनंद नव्हता.

घरी येताना सरांनी नवा फोन घेतला, जुना नंबर चालू केला आणि पान उघडायला गेले. पानावर त्यांच्या नावापुढे 'स्मरणार्थ' अशी पाटी लागलेली. दोनशे हळव्या वाचकांनी कंपनीला कळवून त्यांना रीतसर मृत करून घेतलं होतं. कंपनीने नम्रपणे लिहिलं, हे खाते दिवंगत व्यक्तीचे आहे, यात आता कोणालाही प्रवेश करता येणार नाही. ॲप आधीपासून आतच होतं, त्यामुळे त्याला प्रवेशाची गरज नव्हती. सरांनी तक्रार करायची ठरवली. तक्रारीआधी 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा' असं आलं, आणि सिग्नलचे दिवे असलेले चौकोन निवडायला सांगितले. सर तीनदा चुकले.

"खांब धरायचा की नाही धरायचा दिव्यात?" ते ओरडले.

"काय करून राहिलात एवढं?" लताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांनी 'जगाची उठाठेव' एकदाही वाचलेली नव्हती. "सहा हजार लोकांनी मेला म्हटलं तर मेला. घरात जिते आहात ना? मग दळण आणा."

सरांनी दळण आणलं, आणि नवं पान काढलं. 'रेणुकादास (खरा)'. त्यावर लिहिलं, 'मी जिवंत आहे.' चार मिनिटांत खाली उत्तर आलं, जुन्या पानावरून, स्मरणार्थ : 'मंडळी, सर जाऊन आठवडा झाला नाही तोच सरांचा तोतया बाजारात आलाय. कंसात 'खरा' लिहावं लागतं ते तूप कधी घ्यावं का?'

सरांना हसू आलं. अगदी खळखळून आलं. मग ते थांबलं, कारण हे आपणच लिहिलं असतं, याच शब्दांत, तुपासकट, हे त्यांच्या ध्यानात आलं. लताबाईंनी आतून विचारलं, "काय झालं?" सर म्हणाले, "काही नाही," आणि फोन पालथा ठेवला.

बुधवारी जुन्या पानावर लेख पडला तो असा : 'काल मुदखेडला जाऊन आलो.'

फार वर्षांपूर्वी एकदाच ग्यानोबाने तीन शब्दांच्या पुढे जाऊन लिहिलं होतं. 'सर, दुनियाभरचं लिहून राहिले, मुदखेड काय लांब हाय? या एकदा.' सरांनी उत्तर दिलं होतं, 'नक्की येतो. याबद्दल उद्या सविस्तर.' नांदेडहून मुदखेड अर्ध्या तासावर. ते राहूनच गेलं. तारीखवार वचनं पुरी करत करत लेखणीमित्र आता त्या वचनापाशी आला होता, आणि त्याने तेही सविस्तर पुरं केलं होतं. 'रुळांच्या पलीकडे ग्यानोबांचं घर. खिडकीपाशी लोखंडी खुर्ची होती, तीत बसलो. साखराबाई नावाला जागल्या. कान तुटलेल्या कपात असा गोडमिट्ट चहा दिला, की परत यावंसं वाटलं.'

साखराबाई ही ग्यानोबाची बायको. तिचं नाव त्याच्या पानावर होतंच. एवढ्या भांडवलावर लेखणीमित्राने पाहुणचार उरकला होता.

सरांनी खाली बोट सरकवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दोनशे लोकांनी हात जोडले होते. ग्यानोबाची ओळ नव्हती. दुपारी नव्हती, संध्याकाळीही नव्हती. गुरुवारी नव्या लेखाखाली नव्हती.

"त्याला पटलं, लता," सर म्हणाले.

"कोणाला?"

"ग्यानोबाला. तो एकटा नाही म्हणत होता. आता म्हणायला कोणी उरलं नाही."

लताबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. "मग इथं बसून काय करून राहिलात?" त्या म्हणाल्या. "गाडी आहे ना सकाळी नऊची."

मुदखेडला उतरून सरांनी विचारलं तेव्हा चहावाल्याने सांगितलं, "ग्यानोबा सांधेवाला ना? रुळांच्या पल्याड." रूळ ओलांडताना सरांनी दोनदा मागे वळून पाहिलं. घर रुळांच्या पल्याडच होतं. मुदखेडात निम्मं गाव रुळांच्या पल्याडच असतं, हे भूगोलाच्या शिक्षकाला त्या घटकेला सुचलं नाही.

दार एका म्हातारीने उघडलं. तिने सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे, आणि तोंड न वळवता आत हाक मारली, "अवो, आले बघा. म्या म्हनलं न्हवतं, परत येत्याल म्हनून?"

आतून एक उंच, वाळका माणूस आला. रेल्वेतून निवृत्त होऊनही निळा सदरा न सोडलेला. तो सरांकडे पाहत उभाच राहिला.

"ग्यानोबा," सर म्हणाले, "मी रेणुकादास. जिता आहे."

"बसा," ग्यानोबा म्हणाला, पण स्वतः मागे सरकला.

खिडकीपाशी लोखंडी खुर्ची होती. ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती, आणि तिच्यावर हळदीकुंकू होतं.  खुर्ची वळवून ते बसले तशी ती करकरली.

"वाजली," साखराबाई श्वास सोडून म्हणाली. "वजन हाय. मानूसच हाय."

"मंगळवारी आम्ही दोघं बी शेतात व्हतो," ग्यानोबा सांगू लागला. "हरभरा काढायला. घराला कुलूप. आन बुधवारी वाचतो तर तुम्ही येऊन चहा पिऊन गेलेले! मी लिहायला गेलो, हे खरं न्हाई. तर बोट थांबलं. रुळाच्या पल्याड घर, हाय. खिडकीपाशी खुर्ची, हाय. हिनं कप काढून दाखविला, कान तुटका. मंग कुलपाच्या आत बसून गेलं कोन?"

"अहो, कान तुटका कप कोणाच्या घरात नसतो?"

"ते आता कळून राहिलं. दोन दिस आम्ही त्या खुर्चीकडं पाठ करून जेवलो."

बाहेरून मालगाडी गेली. सगळं घर थरथरलं, फळीवरचे कप किणकिणले, आणि ती जाईपर्यंत नवरा-बायको सरांखालच्या खुर्चीकडे पाहत राहिले. मग सरांनी अकरा वर्षं घशात अडकलेलं विचारून टाकलं.

"ग्यानोबा, रोज 'हे खरं न्हाई' का लिहिता तुम्ही? काय चुकतं माझं?"

"चुकतं कुठं म्हनलो? तुम्ही लिहिता, जपानात आसं झालं, फ्रान्सात तसं झालं. तुम्ही गेले व्हते का?"

"नाही."

"मंग मी खरं कसं म्हनू? सर, छत्तीस वर्सं रुळांचे सांधे पाहिले म्या. गाडी यायच्या आधी आपल्या पायानं जायाचं, सांधा डोळ्यानं बघायचा, मंगच 'बरोबर हाय' म्हनायचं. खोलीत बसून म्हनलं की गाडी घसरती. वाचायला मजा येती तुमचं. रोज वाचतो. पर खरं हाय आसं म्हनायची सोय न्हाई."

 तेवढ्यात साखराबाईने चहा आणला, कान तुटलेल्या त्याच कपात. सरांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"साखर राहिली का हो, बाई?"

"साखर?" साखराबाई हसली. "चार वर्सं झाली, ह्या घरात साखर न्हाई. दोघांला बी शुगर हाय."

रेणुकादास सर इतके हसले की कप बशीत सांडला. साखराबाईच्या नावावर गोडमिट्ट कोटी त्यांनीही केली असती. न येता, घरी बसून, अगदी तीच. त्यांनी तो कडू चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, ग्यानोबाचा नंबर घेतला, आपला दिला आणि दुपारच्या गाडीने परतले.

संध्याकाळी नव्या पानावर त्यांनी लिहिलं. कोटी नाही, जपान नाही. 'आज मुदखेडला गेलो होतो. ग्यानोबा सांधेवाले यांच्या घरी चहा प्यायलो. साखराबाईंच्या घरात साखर नाही. खुर्ची करकरते. आपण आधीच जायला हवं होतं.' खाली 'उद्या सविस्तर' लिहायला बोट गेलं, पण सविस्तर असं काही उरलं नव्हतं.

नव्या पानाला अकरा वाचक होते, त्यांतले नऊ नातलग. कुठून तरी पहिली प्रतिक्रिया आली : 'चोर. हे सरांनी बुधवारीच लिहिलंय, आणि तुझ्यापेक्षा बरं.' दुसरी आली : 'मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाताय.' सर पुन्हा पुन्हा पान ताजं करत बसले. सातव्या मिनिटाला ती ओळ आली.

'हे खरं हाय.'

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग उठून फोन लताबाईंच्या पुढे धरला. त्यांनी हात पुसले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सरांचा लेख वाचला. वरपासून खालपर्यंत.

"चांगलंय," त्या म्हणाल्या. "पण हे खाली काय आलंय?"

ग्यानोबाच्या ओळीखाली जुन्या पानावरून उत्तर पडलं होतं. स्मरणार्थ. 'ग्यानोबा, चूक कळली. पुढच्या खेपेला बिनसाखरेचा घेईन. रविवारी येतोच आहे.'

दोघं त्या ओळीकडे बघत असतानाच फोन वाजला. मुदखेडहून होता.

"सर," पलीकडून ग्यानोबाचा आवाज आला, दबका, "रविवारी तुम्ही येऊन राहिले का?"

"मी? हो, येतो ना. मीच येतो."

"ही इचारून राहिली," ग्यानोबा म्हणाला, "की मंग खुर्ची एक मांडायची का दोन?"

त्यावर रेणुकादास सरांचं, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, काहीही मत नव्हतं.